हलके होत जाणारे अंडे

गेल्या आषाढात, धायरीतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात, मी दहा अंडी एकेक करून फोडून पाहिली. ती उबवणी यंत्रात ठेवल्याला २३ दिवस झाले होते. कोंबडीचे पिल्लू २१व्या दिवशी बाहेर येते, त्यामुळे आता वाट पाहण्यात अर्थ उरला नव्हता. प्रत्येक अंड्यात पूर्ण वाढलेले पिल्लू होते. अंगावर लव आलेली, नखे आलेली, कवच फोडण्यासाठी चोचीच्या टोकावर जो पांढरा कठीण ठिपका असतो तोही आलेला, बलक पोटात ओढून घेतलेला. फक्त चोच हवेच्या पोकळीपर्यंत पोहोचली नव्हती, आणि सगळी पिल्ले ओलीचिंब होती. इतक्या उशिरा अंड्यात एवढे पाणी असायला नको, एवढे मला तेव्हाही जाणवले. पण ते का होते हे नीट समजून घेऊन पुन्हा अंडी ठेवायला माघ उजाडावा लागला.

अंडी आणली होती ती वेल्ह्याकडच्या माझ्या मामेभावाकडून. आईचे माहेर तिकडचे. ती आता ८१ वर्षांची आहे, आणि गेली बारा वर्षे आमच्याबरोबर पुण्यात राहते. तिच्या बोलण्यात माहेरच्या कोंबड्या इतक्या वेळा येतात, की एखादे यंत्र आणून तिच्या डोळ्यांसमोर पिल्ले काढावीत असे माझ्या मनाने घेतले. यंत्र साधे होते: २४ अंड्यांची थर्माकोलची पेटी, आत एक छोटा पंखा, तापमान राखणारे उपकरण, आणि तळाशी पाण्याची पन्हळ. सोबतच्या कागदावर लिहिले होते की पन्हळ कायम भरलेली ठेवावी. आई तेव्हाच म्हणाली होती, "आषाढात कोंबडी बसवत नाहीत रे. थांब की जरा." मी कारण विचारले तेव्हा तिने सांगितले की पावसात पिल्ले गारठतात. आपली पिल्ले बल्बखाली उबेत असणार, तेव्हा गारठण्याचा प्रश्न येत नाही, असे मी तिला समजावले आणि २० अंडी यंत्रात ठेवली.

त्या पहिल्या खेपेत मी हलगर्जी केली असे मला आजही म्हणवत नाही. अंडी कोंड्यात रोवून आणली होती. नसरापूरपर्यंतच्या रस्त्याचे हादरे बसले असतील म्हणून एक संपूर्ण दिवस ती निमुळते टोक खाली करून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवली. तापमान ३७.५ ते ३७.८ अंशांच्या बाहेर जाऊ दिले नाही. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला आणि ती दिवसातून पाच वेळा फिरवली. आकडा विषम ठेवायचा, म्हणजे रात्रीच्या लांब मुदतीत रोज तीच बाजू वर राहत नाही. गर्भ एकाच जागी राहिला तर आतल्या पापुद्र्याला चिकटतो, म्हणून कोंबडीही दिवसरात्र चोचीने आणि पायांनी अंडी सरकवत असते. मी कामावर असताना दुपारच्या दोन फेऱ्या आईच्या वाट्याला होत्या. ती हात धुऊन, पदराला कोरडे करून, झाकण एका हाताने जेमतेम उचलून अंडी फिरवायची. झाकण किती वेळ उघडे राहिले हे मी तिला कधी विचारले नाही, कारण माझ्यापेक्षा तिचे काम निम्म्या वेळात होत असे.

पाचव्या रात्री दिवे बंद करून मी मोबाईलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याचे नळकांडे धरले आणि त्याच्या तोंडावर पहिले अंडे ठेवले. आत तांबूस उजेड भरला, आणि मधोमध एक काळपट ठिपका व त्याच्यापासून सगळीकडे पसरलेल्या बारीक लाल शिरा दिसल्या, कोळी पाय पसरून बसावा तशा. ठिपका हलत होता. कोंबडीच्या अंड्यात तीन दिवसांनंतर रक्ताच्या थेंबासारखे हृदय दिसू लागते आणि ते जिवंत असल्यासारखे हलते, असे अ‍ॅरिस्टॉटलने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. त्यासाठी त्या काळी अंडे फोडावे लागत असे. आईला मात्र या दिसण्याचे नवल वाटले नाही. तिच्या माहेरच्या घरात दुपारी कौलातून एक कवडसा पडायचा. तिची आई अंधाऱ्या खोलीत तो कवडसा मुठीत धरलेल्या अंड्यावर घ्यायची आणि कोणते अंडे भरले आहे, कोणते वांझ आहे हे सांगायची. वांझ अंडी त्या दिवशीच्या कालवणात जायची, भरलेली कोंबडीखाली परत. आईने माझ्या हातातले अंडे घेतले, स्वतःच टॉर्चवर धरले, आणि बराच वेळ काही न बोलता पाहत राहिली. आमच्या २० अंड्यांपैकी चार वांझ निघाली, दोन पुढे पहिल्या पंधरवड्यातच थांबली, आणि १४ अठराव्या दिवसापर्यंत पोहोचली.

मधे एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली ती साडेतीन तास आली नाही. पेटीतले तापमान ३४ वर आल्यावर माझा धीर सुटला. आईने तिची जुनी गोधडी पेटीवर घातली, गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून कडेला ठेवायला लावल्या, आणि मला सांगितले की कोंबडीसुद्धा रोज दाणापाण्याला उठते, तेवढ्याने काही अंडी मरत नाहीत. ते खरे आहे. वाढत्या गर्भाला थोडा वेळ थंडावा सोसतो. उलट तापमान काही तास ४० अंशांच्या वर गेले तर तो वाचत नाही. म्हणून नंतर पिल्ले मेली तेव्हा मी दोष त्या गुरुवारला दिला, तो चुकीचा होता. थंडाव्याने बिघडले असते तर अंडी निरनिराळ्या टप्प्यांवर थांबली असती. ही सगळी शेवटपर्यंत वाढली होती.

अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत, झाकण उघडायचे नाही आणि आर्द्रता वाढवून ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायची, हा नियम मी पाळला. एकविसाव्या दिवशी तीन पिल्ले बाहेर आली. चौथ्याने कवचाला भोक पाडले आणि ते तिथेच अडले. दहा तास मी ते भोक पाहत होतो. अकराव्या तासाला न राहवून चिमट्याने कवचाचे दोन तुकडे काढले, आणि पापुद्र्यातून रक्त आले. भोक पडल्यापासून पिल्लू पूर्ण बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात, कारण त्या वेळात पापुद्र्यातल्या शिरांमधले रक्त त्याच्या अंगात परत जात असते आणि उरलेला बलक पोटात शोषला जात असतो. बाहेरून ते थांबलेले दिसते, पण आतून थांबलेले नसते. मी दोन तास आधी हात घातला होता की दहा, हे मला सांगता येत नाही. ते पिल्लू त्या रात्री गेले. बाकी दहांची हकीकत मी सुरुवातीलाच सांगितली.

पुण्यात हे विचारायला माणूस मिळणे अवघड नाही. खडकीला शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, आणि कुक्कुटपालनाच्या व्यवसायात या शहराचे नाव देशभर आहे, त्यामुळे सारा जन्म उबवणीत घालवलेली माणसे इथे शेजारीपाजारीच निघतात. आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त गृहस्थ राहतात, ज्यांनी तीस वर्षे एका खासगी हॅचरीत काम केले. मी त्यांना घडलेले सगळे सांगितले, आर्द्रतेचे आकडे लिहिलेली वही दाखवली. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि विचारले, "अंड्यांचं वजन किती घटलं?" मी वजन केले नव्हते. त्यांनी मग विचारले की हवेची पोकळी किती मोठी झाली होती. कवचांचे तुकडे मी जपून ठेवले होते. सातव्या आणि चौदाव्या दिवशी टॉर्चवर पाहून पोकळीच्या कडेने मी पेन्सिलच्या रेघा ओढल्या होत्या, आणि त्या दोन रेघांमध्ये जेमतेम नखाएवढे अंतर होते. त्यांनी तो तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, "अंडी सुकलीच नाहीत."

मला इतकी वर्षे अंडे म्हणजे बंद वस्तू वाटत होती. ज्यात सगळे आधीच भरून ठेवले आहे, ज्याला बाहेरून फक्त ऊब हवी, अशी डबी. प्रत्यक्षात कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रे असतात आणि २१ दिवस त्यांतून अखंड देवाणघेवाण चालते. ६० ग्रॅमचे अंडे या काळात सुमारे ६ लिटर ऑक्सिजन आत घेते, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडते, आणि पाण्याची वाफ तर सुमारे ११ लिटर. ही वाफ जाणे हा बिघाड नाही, ती जायलाच हवी. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे सुमारे १२ ते १३ टक्के वजन कमी व्हावे लागते. जेवढे पाणी जाते तेवढी जागा रुंद टोकाशी रिकामी होते आणि तिथे हवा भरते. बाहेर येण्याच्या आधी पिल्लू चोचीने आतला पापुद्रा फोडून या हवेत पहिला श्वास घेते आणि मगच कवच फोडायला लागते. हवेची ती खोली लहान राहिली, आणि भोवती पाणी जास्त राहिले, तर पूर्ण वाढलेले पिल्लू त्या पहिल्या श्वासाशीच संपते. माझी दहा पिल्ले अंड्यात बुडून मेली होती.

पण यंत्रातला आर्द्रतामापक तर अठरा दिवस ५० ते ५५ दाखवत होता. याचा उलगडा त्या गृहस्थांनी सांगितलेल्या एका साध्या कसोटीने झाला. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचे, त्यात पाण्याचे काही थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखे करायचे, आणि झाकण व मापक दोन्ही एका हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवायचे. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. माझा मापक सकाळी ६३ दाखवत होता. म्हणजे ज्याला मी ५५ समजत होतो ते प्रत्यक्षात ६७च्या आसपास होते, आणि तेही पहिल्या दिवसापासून.

पावसाळ्याचा भाग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, कारण तो मापकाने झाकला होता. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते, कारण गरम हवा जास्त वाफ सामावून घेते. आषाढातल्या पुण्यात खोलीतली हवा २४ अंशांची आणि ९० टक्के आर्द्रतेची असते. ती यंत्रात जाऊन ३७.५ अंशांवर तापली की पाण्याचा एक थेंबही न घालता तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास भरते, आणि अंड्यांतून निघणारी वाफ त्यात मिसळते. म्हणजे पावसाळ्यात पहिले अठरा दिवस पन्हळीत पाणी जवळजवळ नकोच होते. माघ-फाल्गुनात मात्र दुपारची हवा इतकी कोरडी असते की यंत्रात तापल्यावर ती १५ टक्क्यांवर येते, आणि तेव्हा पाणी दिले नाही तर अंडे गरजेपेक्षा जास्त सुकते, पापुद्रा पिल्लाच्या अंगाला चिकटतो आणि त्याला वळता येत नाही. 'पन्हळ कायम भरलेली ठेवावी' हे वाक्य लिहिणाऱ्याने कोणत्या गावची हवा मनात धरली होती कोण जाणे. सह्याद्रीच्या कुशीतल्या या शहराला तो नियम बारा महिने लागू पडत नाही. आईने आषाढ टाळायला सांगितला तेव्हा तिचे कारण वेगळे होते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण आषाढ टाळायला सांगितला होता हेही खरे.

माघात मामेभावाकडून पुन्हा २० अंडी आली. या वेळी मी आधी एक डिजिटल काटा आणला, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा, आणि वहीत रकाने आखले: पहिला दिवस, सातवा, चौदावा, अठरावा. गावरान अंडी लहान असतात. आमची सरासरी ४८.२ ग्रॅम भरली. त्यांतून अठरा दिवसांत सहा ग्रॅम जायचे होते, म्हणजे दिवसाला ग्रॅमचा तिसरा भाग, पाण्याच्या सहा-सात थेंबांएवढे काहीतरी. काट्यावर अंडे गडगडू नये म्हणून आईने जुन्या सुती साडीच्या पट्टीची बोटभर चुंबळ करून दिली. मी ती ठेवून काटा शून्यावर आणायचो, आई एकेक अंडे चुंबळीवर ठेवायची आणि मी आकडा मोठ्याने वाचत लिहायचो. तिला चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत, पण चौदाव्या दिवशी मी वाचण्याआधीच ती दोन अंडी हातात तोलून म्हणाली, "हे भरलंय, पण हलकं झालंय." मी काट्यावर पाहिले, ती म्हणत होती ते अंडे ४३ ग्रॅमवर आले होते.

सातव्या दिवशी सरासरी ४५.२ होती. एका आठवड्यात तीन ग्रॅम म्हणजे फार वेगाने सुकत होती, म्हणून पन्हळीऐवजी पाण्याची एक छोटी वाटी पेटीत ठेवली. चौदाव्या दिवशी ४३.३, अठराव्या दिवशी ४२.२. सहा ग्रॅम, साडेबारा टक्क्यांच्या जवळ. टॉर्चवर धरल्यावर रुंद टोकाकडचा जवळजवळ तिसरा भाग स्वच्छ उजळायचा आणि त्याखाली गच्च काळोख असायचा. त्या काळोखाच्या कडेशी एकदा काहीतरी हलले, सरकले, आणि पुन्हा स्थिर झाले. अठराव्या दिवशी पंधरा अंडी होती. पन्हळ त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण भरली आणि झाकण लावले.

विसाव्या दिवशी संध्याकाळी पेटीतून बारीक आवाज यायला लागले. कवचाला कुठेही तडा नव्हता. पिल्लू हवेच्या खोलीत आल्यावर श्वास घेते आणि ओरडायलाही लागते, आणि कोंबडी त्याला उत्तर देते. आई पेटीला कान लावून बसली. थोड्या वेळाने तिने जीभ टाळूला लावून कोंबडीसारखा हळू, खालच्या पट्टीतला, तुटक आवाज काढला, आणि आतले आवाज थांबले. तिने पुन्हा केला. आतून एकाने उत्तर दिले, मग दुसऱ्याने. माझ्या आईला हा आवाज येतो हे मला ५४ वर्षांत माहीत नव्हते. ती रात्री अकरापर्यंत तिथेच होती, आणि मी तिला झोपायला जा म्हटले नाही.

पहिले भोक पहाटे चारला पडले. मी पाहिले आणि हात मागे बांधून बसलो. भोक पडल्यानंतर पिल्लू बराच वेळ काही करत नाही. मग ते कवचात हळूहळू वर्तुळात फिरते आणि फिरता फिरता चोचीने रुंद टोकाभोवती चीर पाडत जाते, एखादी टोपी कापून काढावी तशी. मग मानेने आणि पायांनी ती टोपी उचलते. हे सगळे मी काचेतून पाहिले. शेवटच्या ढकलीआधी ते तीन-चारदा थांबून धापा टाकत होते, आणि प्रत्येक वेळी त्याचे पूर्ण अंग धडधडत होते. संध्याकाळपर्यंत बारा पिल्ले आली. तीन आली नाहीत. त्यांतल्या दोघांची चोच हवेच्या खोलीपर्यंत पोहोचलेली होती, तिसऱ्याची नव्हती, आणि त्या तिघांचे कारण मला सापडले नाही.

पिल्ले पूर्ण सुकून फुलेपर्यंत आम्ही ती पेटीतच ठेवली. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ती दोन-तीन दिवस काढू शकतात, त्यामुळे दाण्याची घाई नव्हती. मग पुठ्ठ्याचे खोके, भुसा, ६० वॅटचा बल्ब, पहिल्या दिवशी गूळपाणी, तांदळाची कणी आणि पिल्लांचे खाद्य, सातव्या दिवशी राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरच्या लसीचे थेंब. सहाव्या आठवड्यात ती मामेभावाकडे जाणार, हे आधीच ठरले होते. यातले निम्मे कोंबडे निघतील आणि गावात कोंबड्यांचे काय होते हे मला आणि आईला माहीत आहे. आम्ही त्याविषयी बोललो आहोत.

खोक्यात घालण्याआधी आईने काटा मागितला. मला वाटले, ती काटा आवरून ठेवायला सांगते आहे. तिने पिल्लू ओंजळीत धरले होते, साडीच्या पट्टीची ती चुंबळ काट्यावर ठेवलेली होती, आणि ती म्हणाली, "आता याचं लिही." वहीत अठराव्या दिवसानंतर रकाना नव्हता. मी पट्टी घेऊन एक रेघ आणखी ओढली. पिल्लू चुंबळीत क्षणभर बसले, मग उठून उभे राहिले, आकडा हलत राहिला. आईने दोन बोटांनी त्याच्या पाठीवर अलगद झाकण धरले, बोटे उचलली, आणि काटा ३३.१ वर थांबला.